वाटणीच्या यादीतील बुलेट

‘गिअर पडत नाही’ ही जुन्या मोटारसायकलीविषयीची तक्रार ‘पोट दुखते’ या तक्रारीइतकीच मोघम आहे. दुखणे खरे असते. परंतु त्याचे मूळ कोठे आहे, हे त्या तीन शब्दांवरून कळत नाही. ते हँडलवरच्या क्लच लिव्हरमध्ये असू शकते, तेथून निघणाऱ्या वायरमध्ये असू शकते, क्लचच्या प्लेटांत असू शकते, गिअरबॉक्सच्या पोटात असू शकते आणि कित्येकदा तर चालवणाऱ्याच्या पायातच असते. वायर काही शे रुपयांत बदलून होते. गिअरबॉक्स उघडावयाचा म्हटला की आकडा हजारांत जातो. म्हणून दोष कोठे आहे हे ठरण्यापूर्वी त्याची किंमत ठरू लागली, की मला अस्वस्थ वाटते. बँकेत कर्ज विभागात माझी बरीच वर्षे गेली. गोदामातील माल स्वतः मोजल्याशिवाय तारणाचा आकडा लिहावयाचा नाही, ही तेथली सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

या सवयीचा उपयोग २०२३ च्या उन्हाळ्यात घरातच करावा लागला. माझे थोरले बंधू अण्णा नोव्हेंबर २०२१ मध्ये गेले. घाटकोपर पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गालगत त्यांचे स्टीलच्या भांड्यांचे दुकान होते. वर्षभर दोघा पुतण्यांनी ते एकत्र चालवले, नंतर वेगळे होण्याचे ठरले. कारणे सर्वत्र असतात तीच होती. त्यांत शिरत नाही. वहिनींनी आपला हिस्सा दोघांत सोडला आणि मला म्हणाल्या, “भावोजी, यादी तुम्ही करा. तुम्ही लिहिलेला आकडा दोघेही मान्य करतील.” दुकान, गोदाम, शिल्लक माल, येणे-देणे यांचे आकडे दोन बैठकांत ठरले, कारण त्यांना कागदपत्रांचा आधार होता. यादी अडली ती शेवटच्या ओळीवर. त्या ओळीवर अण्णांची १९७२ ची बुलेट होती.

थोरल्याचे म्हणणे असे, की तिचा गिअरबॉक्स गेला आहे. एका गॅरेजवाल्याने पाहून गेल्यावर पूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचा अडतीस हजारांचा अंदाज दिला होता आणि एका दलालाने त्या अंदाजाच्या आधारे पंचवीस हजारांना गाडी मागितली होती. पंचवीस हजार लिहा, विका आणि निम्मे-निम्मे करा, असा त्याचा सरळ हिशेब होता. धाकट्याला गाडी हवी होती. मात्र ‘माझ्या वाट्याला द्या’ असे तो म्हणाला, की थोरल्याला वाटे, हा भाव पाडून घेत आहे; आणि ‘ती चांगली आहे’ असे म्हणाला, की प्रश्न येई, मग पंचवीस हजारच का? दोघेही एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते. ‘काका, त्याला सांगा’ हे शब्द त्या दिवसांत मी इतक्या वेळा ऐकले, की अजूनही कानांत आहेत.

ही गाडी ज्यांनी चालवलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. बुलेट मूळची इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफिल्ड कारखान्याची. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या सहकार्याने एनफिल्ड इंडिया ही कंपनी मद्रासला स्थापन झाली आणि ३५० सीसीची बुलेट येथे तयार होऊ लागली. ७० मिलिमीटर व्यासाचा आणि ९० मिलिमीटर चालीचा एकच सिलिंडर, म्हणजे ३४६ सीसी. आमच्या तरुणपणी मोटारसायकल म्हटली की बुलेट, म्हैसूरची जावा, जी पुढे येझदी झाली, आणि राजदूत ही तीन नावे येत. आमच्या उपनगरांत मात्र स्कूटरचा मान मोठा होता, कारण लॅम्ब्रेटा आमच्या शेजारीच, भांडुपच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाच्या कारखान्यात तयार होत असे. अण्णांना मालाची पोती मागे बांधून भिवंडीपर्यंत जाणारे वाहन हवे होते. त्यांनी १९७६ मध्ये चार वर्षे वापरलेली ही बुलेट घेतली. पुढे ऐंशीच्या दशकात सांगली जिल्ह्यात माझी बदली झाली तेव्हा मीही तसलीच एक घेतली आणि खेड्यापाड्यांतील कर्जदारांकडे तिच्यावरून हिंडलो. त्या रस्त्यांवर गॅरेज नव्हते, त्यामुळे पाना हातात धरण्यावाचून गत्यंतर नव्हते.

या जुन्या बुलेटचे वैशिष्ट्य असे, की इंजिन आणि गिअरबॉक्स हे एका खोलीत राहत नाहीत. बर्मिंगहॅमच्या आल्बियन कंपनीच्या रचनेचा चार गिअरांचा बॉक्स इंजिनाच्या पाठीमागे स्वतंत्र पेटीसारखा जोडलेला असतो. इंजिनाची शक्ती डाव्या अंगाच्या चेनकव्हरमधील दुपदरी साखळीने क्लचकडे येते आणि क्लचमधून गिअरबॉक्सकडे जाते. इंजिनाचे ऑइल वेगळे, चेनकव्हरचे वेगळे, गिअरबॉक्सचे वेगळे. ही तीन खाती आहेत असे समजा. एकातील गडबड दुसऱ्यात आपोआप जात नाही. आजच्या बहुतेक मोटारसायकलींत मात्र इंजिन, क्लच आणि गिअर एकाच ऑइलवर चालतात. म्हणून नव्या गाड्यांवर हात बसलेल्या कारागिराला ‘क्लच बिघडला’ आणि ‘गिअर बिघडला’ यांतील सीमारेषा तितकीशी ठळक दिसत नसावी.

दुसरे वैशिष्ट्य पायांचे. या गाडीचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी आहे. शिवाय पहिला गिअर वर उचलून पडतो आणि पुढचे तीन खाली दाबून. १९८५ च्या सुमारास आलेल्या जपानी सहयोगाच्या शंभर सीसी गाड्यांवर जी पिढी शिकली, तिचा डावा पाय गिअर शोधतो आणि ब्रेक दाबतो. उजव्या पायाचे भान राखले तरी सवयीने न्यूट्रलमधून पेडल खाली दाबले जाते आणि गाडी थेट दुसऱ्या गिअरमध्ये जाते. दुसऱ्यावर उठताना बुलेट थरथरते, बंद पडते किंवा बराच वेळ हाफ क्लचवर रेटावी लागते. पाहणाऱ्याला वाटते, क्लच संपला. गॅरेजवाल्याने गाडी कशी चालवून पाहिली, हे मी थोरल्याला विचारले. तो प्रामाणिकपणे म्हणाला, “काका, त्यांचा मुलगा बसला, दोन वेळा बंद पडली, मग पहिला पडेचना. मोठा आवाज झाला आणि ते म्हणाले, बॉक्स गेला.” त्या आवाजावर अडतीस हजार उभे होते.

मी दोघांनाही रविवारी सकाळी सात वाजता इमारतीखालच्या पार्किंगमध्ये बोलावले. काही तपासण्या एका माणसाला करता येत नाहीत. एकाने लिव्हर दाबून धरावा लागतो आणि दुसऱ्याने पाहावे लागते. दोघे आले, माझ्या दोन बाजूंना उभे राहिले.

टाळेबंदीपासून, म्हणजे मार्च २०२० पासून, गाडी जवळजवळ एकाच जागी उभी होती. मध्ये तीन पावसाळे गेले. प्रथम गाडी मधल्या स्टँडवर घेतली, इंजिन बंदच ठेवले आणि स्पार्क प्लग काढला. प्लग काढला की इंजिनातील दाब निघून जातो आणि मागचे चाक हाताने फिरवून गिअर तपासता येतात. गाडी बंद असताना नुसते पेडल दाबून गिअर पडत नाही. आतील चक्रांचे कंगोरे समोरासमोर आले तर अडतात. म्हणून एका हाताने चाक थोडे पुढे-मागे हलवत दुसऱ्या हाताने पेडल सरकवावे लागते. धाकट्याने चाक हलवले, मी पेडल उचलले. पहिला पडला. पहिल्यावर मागचे चाक फिरवणे जड जाते, कारण चाकाच्या एका फेऱ्यात इंजिनाला अनेक फेरे घ्यावे लागतात; वरच्या गिअरांत ते क्रमाक्रमाने हलके होते. दुसरा, तिसरा, चौथा, चारही पडले आणि प्रत्येक वेळी चाकाचा जडपणा बदलला. टाचेने दाबून थेट न्यूट्रलवर येण्यासाठी या बॉक्सला एक लहान जादा दांडी असते; तीही काम करत होती.

ही पहिली मोठी खूण. इंजिन बंद असताना चारही गिअर आणि न्यूट्रल सहज मिळत असतील आणि इंजिन चालू असतानाच अडत असतील, तर संशय गिअरबॉक्सवर नव्हे, क्लचवर जातो. क्लच पूर्ण सुटत नसला, की लिव्हर दाबूनही इंजिन गिअरबॉक्सला फिरवतच राहते. फिरत्या चक्रात थांबलेले चक्र घालावयाचे म्हणजे खडखडाट होणारच. सिग्नलला उभे असताना न्यूट्रल न मिळणे आणि इंजिन बंद करताच मिळणे, हेही त्याच दुखण्याचे लक्षण आहे. इंजिन बंद असतानाही गिअर न सापडता तर मात्र बॉक्सकडे पाहावे लागले असते.

क्लचची दुखणी दोन आणि ती परस्परविरुद्ध. एकात क्लच पकडत नाही, दुसऱ्यात सुटत नाही. पकडत नसेल तर चढावर चौथ्यात मूठ पिळली की इंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग चढत नाही, आणि जळका वास येतो. बुलेटमध्ये किकचा जोर गिअरबॉक्समधून आणि क्लचमधूनच इंजिनाकडे जातो, त्यामुळे न पकडणाऱ्या क्लचची किक पायाखालून नुसतीच निसटते. उलट, क्लच सुटत नसेल तर लिव्हर दाबून किक मारली तरी इंजिनाचा दाब पायाला लागतो. खरे तर त्या वेळी किक हलकी, रिकामी जावयास हवी. प्लग पुन्हा बसवला. थोरल्याने लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबून धरला आणि मी किकवर पाय दिला. दाब पूर्ण लागला. मग धाकट्याने किक मारून पाहिली, नंतर धाकट्याने लिव्हर धरला आणि थोरल्याने किक मारली. तिघांच्या पायांची साक्ष एकच आली.

आता वायर. लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर मोकळी चाल असावी. येथे ती जास्त होती, पण क्लच मुळीच सुटू नये इतकी नव्हती. गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला एक लहान झाकण असते. ते काढले की वायर ज्या दांडीला ओढते ती दांडी आणि तिच्यातील समायोजनाचा स्क्रू दिसतो. लिव्हर दाबला की दांडी हलत होती, म्हणजे पोकळ शाफ्टातून पलीकडे जाणारी सळई क्लचला ढकलत होती. निरोप पोहोचत होता, पण पलीकडे तो कोणी मानत नव्हते. थोरला येथे पहिल्यांदा वाकून आत पाहू लागला.

याच टप्प्यावर त्याने एक वजनदार आक्षेप घेतला. २६ जुलै २००५ च्या प्रलयात, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी, ही गाडी दुकानाच्या गल्लीत सीटपर्यंत पाण्यात होती. तेव्हापासूनच बॉक्स आतून गंजला असला पाहिजे, असे तो म्हणाला. आक्षेप योग्य होता आणि त्याचे उत्तर वहिनींच्या कपाटात होते. अण्णा दुकानाच्या रोजमेळासारखीच गाडीची एक वही ठेवत. लाल कापडी बांधणीची, १९७६ पासूनची. तिच्यात २८ जुलै २००५ ची नोंद सापडली: इंजिन, चेनकव्हर, गिअरबॉक्स, तिन्ही ठिकाणचे ऑइल काढले, नवे भरले. आठवड्याने पुन्हा तीच नोंद, म्हणजे पहिले भरलेले ऑइल आतील ओल पुसून घेण्यापुरते होते. त्यानंतर चौदा वर्षे गाडी नियमित चाललेली होती. २०११ मध्ये क्लच प्लेटा बदलल्या होत्या. मात्र २०१८ मध्ये एक नोंद अशीही होती: ‘तिसऱ्यातून कधी कधी सुटते. लक्ष ठेवणे.’ धाकट्याने ती ओळ वाचली आणि वही गुपचूप मिटली नाही, थोरल्यापुढे केली. ही गोष्ट मला नमूद करावीशी वाटते.

गिअरबॉक्सचे थोडे ऑइल काढून पांढऱ्या कागदावर पसरले. काळे होते, घट्ट होते, पण त्यात पाणी नव्हते. बोटांत चोळून पाहिले, चुंबक फिरवले. धातूचा कीस म्हणावा असे काही लागले नाही. गंजून संपलेल्या बॉक्सचे ऑइल असे दिसत नाही.

मग डावी बाजू. पायटेका आणि ब्रेकचे पेडल काढले, खाली जुनी परात ठेवली आणि चेनकव्हर उघडले. बुलेटचे हे बाहेरचे कव्हर एकाच मोठ्या नटावर धरलेले असते. रस्त्यात उघडावे लागले तर ही सोय किती मोलाची आहे हे मी अनुभवले आहे. परातीत पडलेले ऑइल दुधाळ तपकिरी होते. तीन पावसाळ्यांची ओल येथे साठली होती आणि गाडी चालवली जात नसल्याने ती तापून उडून जाण्याचा प्रश्नच नव्हता. थोरल्याला लिव्हर दाबावयास सांगितले. बाहेरची प्रेशर प्लेट सरळ, समान उचलली गेली. कडेवर वाकडी झाली असती तर स्प्रिंगा कमी-जास्त झाल्या असे म्हणावे लागले असते. परंतु तिच्या मागच्या प्लेटा जागच्या हलल्या नाहीत. पोळ्यांची चळत ओली राहून एकमेकींना चिकटावी तशा त्या गंजाने आणि जुन्या ऑइलने एकजीव झाल्या होत्या. धाकटा म्हणाला, “म्हणजे बॉक्स नाही, दादा.” दोन-तीन महिन्यांत त्याने थोरल्याला उद्देशून, मधे मला न घालता, उच्चारलेले हे पहिले वाक्य असावे. थोरला म्हणाला, “अजून उघडायचंय.”

प्लेटा सुट्या केल्या. गंज हलका असता, तर लिव्हर हँडलला बांधून ठेवून इंजिन बंद असताना आठ-दहा किक मारल्याने त्या सुटल्याही असत्या. नेहमीच्या चिकटण्यावर हा बिनखर्चाचा उपाय आहे. येथे घर्षणाच्या प्लेटांचे अस्तर कडांनी फुगले होते, त्यामुळे त्या बदलणेच भाग होते. पोलादी प्लेटा पॉलिश कागदाने घासल्या आणि एकेक करून घरातील काचेच्या टेबलावर ठेवल्या. सपाट प्लेटेखाली कागदाची चिठ्ठी कोठेच सरकत नाही. एकीखाली एका बाजूने सरकली, म्हणजे ती वाकली होती. स्प्रिंगा ओळीने उभ्या केल्या, सगळ्या सारख्या उंचीच्या निघाल्या. प्लेटांचे दात ज्या खाचांत सरकतात त्या खाचांच्या कडांवर बारीक खड्डे पडले होते. प्लेट त्यांत अडकली की सरकत नाही. ते कानशीने हलकेच सपाट केले. येथे हात आवरावा लागतो, जास्त घासले तर खाचच रुंद होते.

नव्या प्लेटा कुर्ल्याला मिळाल्या. त्या रात्रभर ऑइलमध्ये बुडवून ठेवल्या. या ऑइलविषयी एक सूचना करतो, कारण घरोघरी मोटारीचे महागडे ऑइल उरलेले असते आणि ते दुचाकीत ओतण्याचा मोह होतो. मोटारींच्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ऑइलात बुडालेल्या क्लचला घर्षणच हवे असते. याच कारणासाठी जपान्यांनी १९९८ मध्ये दुचाकीच्या ऑइलांसाठी वेगळे मानक केले. डब्यावर ‘जासो एमए’ अशी अक्षरे पाहून घ्यावीत.

जोडणीनंतरच्या समायोजनात एक क्रम आहे आणि बहुतेक ठिकाणी तो उलटा केला जातो. आधी वायर वरच्या बाजूने पूर्ण सैल सोडावी. मग गिअरबॉक्सच्या झाकणामागचा स्क्रू सळईला जेमतेम लागेपर्यंत आत घ्यावा, किंचित मागे फिरवावा आणि लॉकनट आवळावा. सर्वांत शेवटी वायर ताणून लिव्हरची दोन-तीन मिलिमीटर चाल राखावी. आतला स्क्रू न पाहता नुसती वायर ताणत गेले, की काही महिन्यांत ताणावयास जागा उरत नाही आणि दोष मात्र वायरवर येतो. चाल अजिबात ठेवली नाही तर सळई क्लचला सतत थोडी दाबून ठेवते आणि न सुटणारा क्लच न पकडणारा होतो. मेट्रोच्या कामाने लालबहादूर शास्त्री मार्ग जसा झाला आहे, तेथे मुलुंडहून घाटकोपरला येईपर्यंत हात लिव्हरवरून निघत नाही. अशा वापरात ही चाल महिन्याला पाहावी.

दुसऱ्या रविवारी पहाटे गाडी बाहेर काढली. पहिला गिअर वर उचलताच हलका ‘खट्’ असा आवाज झाला, धक्का नाही. पूर्व द्रुतगती मार्गाने विक्रोळीपर्यंत आणि तेथून जोगेश्वरी जोडरस्त्याने पवईकडे मी स्वतः चालवली. दोघे पुतणे मागून दुसऱ्या गाडीवर होते. चढावर चौथ्यात मूठ पिळून पाहिले, क्लचने पकड सोडली नाही. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये मात्र पेडल दोनदा अधांतरी राहिले. न्यूट्रल नसून न्यूट्रलसारखी अवस्था. आल्बियन बॉक्सची ही जुनीच खोड. पेडलच्या यंत्रणेला एक लहान पट्टी दोन स्क्रूंनी धरून ठेवते. स्क्रू सैल करून ती केसभर सरकवली, की पेडलची वरची आणि खालची चाल सारखी होते. पार्किंगमध्ये परतल्यावर तीन-चार प्रयत्नांत ते साधले. पण अण्णांनी लिहिलेले दुखणे खरे होते. तिसऱ्यात जोर लावून पुढे काढताना गाडी एकदा गिअरमधून सुटली. जोराखालीच सुटणे याचा अर्थ बहुधा आतील कंगोरे, ज्यांना कारागीर ‘डॉग’ म्हणतात, ते घासलेले असणे. ते बाहेरून दुरुस्त होत नाही.

तेव्हा यादीतील ओळ अशी लिहिली. चालू स्थितीतील, कागदपत्रे पूर्ण असलेली १९७२ ची बुलेट. दोन स्वतंत्र जाणकारांकडून भाव घेऊन पंच्याण्णव हजार. क्लचच्या दुरुस्तीचा सर्व खर्च धरून तीन हजार चारशे, तो दोघांनी आधीच निम्मा-निम्मा दिला होता. तिसऱ्या गिअरच्या दोषासाठी दहा हजार राखीव. उरले पंच्याऐंशी हजार. गाडी धाकट्याकडे, त्याने थोरल्याला साडेबेचाळीस हजार द्यावेत. राखीव रकमेतून काही वाचले तर त्याचे निम्मे थोरल्याचे. थोरल्याने मधे विचारले, की २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरील गाडीची ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकाने व्हिंटेज नोंदणी करता येते, मग किंमत आणखी वाढत नाही का? नोंदणी करता येते, हे खरे. पण तशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शने आणि रॅली यांपुरतीच चालते. धाकट्याला ती दुकानात न्यावयाची होती. त्यामुळे तो आकडा धरला नाही, आणि थोरल्यानेही ताणले नाही.

दोघांनी सह्या केल्या. वहिनींनी वही मागितली. ती यादीत नव्हती, तेव्हा त्यांच्याकडेच राहिली.

दिवाळीनंतर धाकट्याने गिअरबॉक्स उघडवला. तिसऱ्या गिअरच्या कंगोऱ्यांच्या कडा खरोखरच गोल झाल्या होत्या. चक्र दिल्लीच्या करोलबागेतून मागवले, जोडीला बुश आणि सील बदलले. एकूण आठ हजार सहाशे झाले. चौदाशे वाचले, त्यांतील सातशे त्याने थोरल्याला पाठवले आणि पावती माझ्याकडे दिली. थोरल्याने ते परत पाठवले. सोबत निरोप होता, पावसाळ्यापूर्वी चेनकव्हरचे ऑइल बदल.